वार

रजिस्टरला सहा रकाने आहेत:
तारीख, वार, वॉर्ड, रंग, वजन,
आणि सहीचा. तो इतका अरुंद
की यल्लव्वा सुखदेव ऐवळे त्यात मावत नाही.
मी 'यल्ल' एवढंच लिहिते.

पहाटे पाचला मिरजेत
दवाखान्यांची मागची दारं उघडतात.
पुढच्या दाराशी विजापूरच्या, जतच्या गाड्या,
उशा, जेवणाचे डबे, छातीशी धरलेल्या फायली.
मागच्या दाराशी मी आणि तराजू.

लाल पिशवीत नळ्या, सलाइनचे सेट,
आणि हातमोजे. एखाद्यात हवा राहते,
पाच बोटं वर करून तो कुणाला तरी थांब म्हणतो.
निळ्या खोक्यात काच.
पांढऱ्या डब्यात सुया; पाऊण भरला
की झाकण बसवायचं, ते पुन्हा उघडत नाही.
पिवळी सगळ्यात जड.
सांगलीत पिवळं म्हटलं की लोकांना
हळदीची पोती आठवतात, सौदे, वखारी.
मला रक्ताचे बोळे, कापलेला अंगठा,
आणि वार.

रकान्यातला तो वार वेगळा,
ही वार वेगळी.
बाळाच्या मागून येते ती.

माझी आत्या आरगची सुईण.
नावात सुई, हातात कधीच नव्हती;
उकळत्या पाण्यातलं पातं असायचं, आणि दोरा.
वार ती मडक्यात ठेवायची,
वर हळदकुंकू, चिमूटभर मीठ,
न्हाणीमागं हातभर खड्डा,
कुत्र्यानं उकरू नये म्हणून दगड.
"अर्धं माणूस हाय त्ये, येल्लू, नीट निजीव."
गावात कुठल्या दगडाखाली कोण
हे तिला तोंडपाठ होतं.

भाद्रपदात एका मंगळवारी
बेडगची म्हातारी मागच्या दाराशी आली.
पदराआड मडकं.
"सुनंची वार द्या बाई. पयलटकरीण हाय."
म्हटलं, तसा नियम नाही.
"आमचीच हाय की."
याला नियमात उत्तर नाही. मी नंतर
भिंतीवरचा तक्ता दोनदा वाचला.
तेव्हा मी फक्त मान खाली घातली
आणि पिशवीला गाठ मारू लागले.

गाठीशीच कळ गेली.
पांढऱ्यातली सुई कुणी पिवळ्यात टाकलेली.

म्हातारीनं मडक्यात हात घातला,
चिमूट काढली, माझा हातमोजा ओढून
हळद बोटावर दाबली.
यालाही नियम नाही.
मी हात काढून घ्यायला
जरा उशीर केला.

मग साबण, वाहतं पाणी, पिळायचं नाही.
अठ्ठावीस दिवस गोळ्या, तोंडाला कथलाची चव.
रक्त लगेच, रक्त दीड महिन्यानं,
रक्त तीन महिन्यांनी.
तेवढ्यात लेकाच्या टाचेत बाभळीचा काटा गेला,
तो मी काढला नाही,
शेजारच्या मुमताजला हाक मारली.
लेक म्हणाला, तुझ्यासारखा हिला जमत नाही.

शिकाऊ डॉक्टर होती एक, रेवती कुंभोजकर,
छत्तीस तास जागी. जिन्यात गाठून म्हणाली,
"मावशी, ती बहुतेक माझीच."
बहुतेक.
तो शब्द मी बरेच दिवस जवळ ठेवला,
फेकायचा कुठल्या रंगात ते कळेना.
आता मी वॉर्डात असले की
ती कटरमध्ये सुई घालून
कट् असं मला ऐकू जाईल इतकं दाबते.

तिसरं रक्तही चांगलं आलं.

गाडी त्याच सकाळी गेली होती.
भट्टीत काय उरतं मी पाहिलेलं नाही,
ड्रायव्हर म्हणतो, राख, दुसऱ्या राखेसारखी.
म्हातारी मडकं घेऊन परत गेली.
बेडगला तिनं ते रिकामं पुरलं
की त्यात आता मीठ ठेवते, माहीत नाही.

तपासणीचे साहेब आले परवा.
पानं उलटत त्या ओळीवर थांबले:
मंगळवार, प्रसूती, पिवळी, दोन किलो तीनशे.
सहीच्या रकान्यात 'यल्ल'
आणि त्यावर एक डाग.
"हे काय सांडलंय?"
म्हटलं, हळद.